आक्रमक स्तनकर्करोग आणि कायनेज: हर-२ला औषध सापडलं, ट्रिपल निगेटिव्हचं घोडं कुठे अडलं?

पेशीवाली

मॅमोग्राफीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की एकीची गाठ वर्षभर तेवढीच राहते आणि दुसरीची तीन-चार महिन्यांत दुप्पट होते, हे कसं काय? तिथे फार अवांतर व्हायला लागलं म्हणून हा वेगळा धागा काढतेय. (ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे ज्या गाठीत ईआर आणि पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे ग्राही, नसतात आणि हर-२ हे प्रथिनही वाढलेलं नसतं ती.) मी डॉक्टर नाही, पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे उपचारांबद्दल जे लिहीन ते माहिती म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.

आधी कायनेजबद्दल थोडक्यात. ही एक प्रकारची एन्झाइम्स आहेत आणि त्यांचं काम एकच: एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला एक फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर बसवायचा. तोही कुठेही नाही, सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर. फॉस्फेटवर ऋण भार असतो. तो बसला की प्रथिनाची घडी बदलते, आणि घडी बदलली की त्याचं काम बदलतं. फॉस्फटेज नावाची एन्झाइम्स तोच फॉस्फेट पुन्हा काढून टाकतात. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात स्नायूंतल्या ग्लायकोजेनवर काम करताना हा प्रकार पाहिला, नोबेल मिळायला १९९२ उजाडलं. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेहून जास्त कायनेज आहेत. २००२च्या यादीत ५१८ होती.

पेशीने विभागायचं की गप्प बसायचं, जगायचं की मरायचं, जागा सोडून हलायचं का, हे बरंचसं या फॉस्फेटच्या बसण्या-उठण्यावर ठरतं. म्हणून कर्करोगाच्या पेशीत कायनेजची गडबड जवळजवळ हमखास सापडते. पण गडबड सापडणं आणि त्या गडबडीमुळेच गाठ वाढत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला या धाग्यात मुख्यतः हेच सांगायचंय.

हर-२पासून सुरुवात करू. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं हे प्रथिन आहे. थोडा भाग बाहेर, आतल्या टोकाला कायनेज. भावंडं चार: ईजीएफआर (म्हणजेच हर-१), हर-२, हर-३, हर-४. बाकीच्यांना बाहेरून एखादा वाढ-घटक येऊन चिकटावा लागतो, मग त्यांची घडी उलगडते आणि ती जोडी करायला तयार होतात. हर-२ला असा कुठलाही घटक सापडलेला नाही. त्याची घडी मुळातच उघडी असते, जोडीदार मिळाला की काम सुरू. साधारण पेशीवर हर-२ वीस हजारांच्या आसपास असतात, तोवर काही बिघडत नाही. गाठीतल्या पेशीवर ते वीस लाखांपर्यंत जाऊ शकतात. सकाळी साडेआठच्या डोंबिवली लोकलमध्ये धक्का लागायला कुणी मुद्दाम ढकलावं लागत नाही, तसंच. एवढ्या गर्दीत जोड्या आपोआप लागतात, शेपटांवरच्या टायरोसीनवर फॉस्फेट बसत राहतात, आणि बाहेरून कुणी काही सांगितलेलं नसताना आत ‘वाढा’ असा निरोप जातो.

निरोप आत दोन वाटांनी जातो. एक वाट रास, राफ, मेक, ईआरके अशी. यातली शेवटची तिन्ही कायनेज, एकाने दुसऱ्यावर फॉस्फेट बसवायचा, दुसऱ्याने तिसऱ्यावर. ही वाट विभाजनाकडे जाते. दुसरी पीआय-३-के, एकेटी, एमटॉर अशी. ही पेशीला मरू देत नाही आणि खायला-प्यायला घालते. (पीआय-३-के फॉस्फेट बसवतं ते आवरणातल्या मेदावर, प्रथिनावर नाही. त्यामुळे ते काटेकोर अर्थाने प्रोटीन कायनेज नव्हे, पण त्याच्यापुढचं एकेटी आहे.) या दुसऱ्या वाटेवर सगळ्यात जास्त जोर हर-२ आणि हर-३च्या जोडीचा. गंमत म्हणजे हर-३चं स्वतःचं कायनेज जवळपास निकामी असतं, पण त्याच्या शेपटीवर पीआय-३-केला बसायला भरपूर जागा असतात. दोघं मिळून भारी पडतात.

इतिहासात आपल्याकडचा एक धागा आहे. एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या चेतापेशींच्या गाठींवर काम चालू होतं. तिथे लक्ष्मीचरण पाढी यांनी १९८२ साली १८५ किलोडाल्टन वजनाचं, फॉस्फेट बसलेलं एक प्रथिन दाखवलं. त्याच्या जनुकाला पुढे ‘न्यू’ नाव पडलं. पाढी नंतर मुंबईत टीआयएफआरमध्ये होते. १९८५मध्ये माणसातलं हेच जनुक सापडलं, ते हर-२. आणि १९८७ साली डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १८९ स्तनगाठी तपासून सांगितलं की साधारण ३० टक्के गाठींत या जनुकाच्या जास्तीच्या प्रती आहेत, आणि त्याच बायकांना रोग लवकर उलटतो. आता हा आकडा १५ ते २० टक्के धरतात.

ट्रिपल निगेटिव्हचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता इन्क्युबेटर बोलावतोय.

चिपळूणचा_नाना

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक अडाणी प्रश्न. जनुक बिघडलं म्हणजे कर्करोग, इतकं आम्हाला माहीत. इथे तुम्ही म्हणताय की जनुक ठीकच आहे, फक्त प्रती वाढल्यात. मग बिघाड कुठला?

पेशीवाली

नाना, प्रश्न अडाणी अजिबात नाही. उंदराच्या ‘न्यू’मध्ये खरोखरच एका अमिनो आम्लाचा बदल होता आणि तेवढ्याने ते प्रथिन कायम जागं राहायचं. लोकांनी माणसातही तसाच बदल शोधला, बहुतेक गाठींत मिळाला नाही. माणसात गुणसूत्र १७वरचा तो तुकडाच पुन्हा पुन्हा नकलला जातो. प्रथिन तसंच्या तसं, पण प्रमाणाबाहेर. हर-२च्या जनुकातच बदल झालेल्या गाठीही असतात, पण त्या थोड्या, दोन-तीन टक्क्यांच्या घरात.

बाकरवडी_बंधू

म्हणजे सोसायटीत एकाच आडनावाची माणसं जास्त झाली की कमिटी त्यांचीच. कळलं.

(लेख उत्तम, चेष्टेचा राग नसावा.)

स्लाइडवाला

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणून तपासणीबद्दल लिहितो. रिपोर्टवर ‘हर-२: ०, १+, २+, ३+’ असं जे असतं त्याला आयएचसी म्हणतात. गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर रंग आणणारं प्रतिपिंड घालतात. पेशीच्या कडेला चौफेर गडद तपकिरी, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी रेघ दिसली आणि तशा पेशी दहा टक्क्यांहून जास्त असल्या की ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ म्हणजे सांगता येत नाही. अशा वेळी फिश करतात: जनुकाच्या प्रती मोजायच्या आणि गुणसूत्र १७च्या मध्यबिंदूशी त्यांचं गुणोत्तर काढायचं. २ किंवा जास्त आलं, शिवाय पेशीमागे सरासरी किमान चार प्रती असल्या, की पॉझिटिव्ह.

आता खरं दुखणं. तालुक्याच्या गावांहून नमुने येतात ते बघून कपाळाला हात लावायची वेळ येते. अख्खा स्तन काढून, न कापता, लोणच्याच्या बरणीत कोंबलेला, आणि फॉर्मलिन (नमुना टिकवणारं रसायन) तळाशी दोन बोटं. फॉर्मलिन ताशी जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. मधली गाठ तोवर सडायला लागते. गाठ तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये जायला हवी, मोठा नमुना असेल तर काप देऊन, नमुन्याच्या निदान दसपट फॉर्मलिन, आणि एकूण ६ ते ७२ तास. हे पाळलं नाही तर ३+ची १+ दिसू शकते. मग पेशंटला लागू पडणारं औषध मिळत नाही, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

पेशीवालीताईंच्या विषयाशी जोडून अजून एक. लोक विचारतात, कायनेज चालू आहे का हे थेट का नाही बघत, फॉस्फेटच मोजा की. प्रयोगशाळेत मोजतात. पण रुग्णाच्या नमुन्यात रक्तपुरवठा तुटला तरी फॉस्फटेज काम करतच राहतात. काही फॉस्फेट तर मिनिटांत गळतात. ऑपरेशन थिएटरमधून आमच्या टेबलावर येईपर्यंत काय खरं आणि काय गळून गेलेलं, हे सांगणं अवघड. म्हणून प्रथिन किती आहे ते मोजतो, ते करतंय काय ते नाही.

पेशीवाली

स्लाइडवाला, शेवटचा परिच्छेद माझ्या लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. आम्ही प्रयोगशाळेत पेशी बर्फावर ठेवून, फॉस्फटेज रोखणारी रसायनं आधीच घालून मग फोडतो, तरी दोन प्लेटचे आकडे जुळवताना रडकुंडीला येतो.

मीनल_जो

नमस्कार. मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मावशीचा रिपोर्ट परवा आला. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-२: २+, केआय-६७ पंचावन्न टक्के. ग्रेड तीन. घरात कुणी म्हणतं हा ट्रिपल निगेटिव्ह, कुणी म्हणतं हर-२ पॉझिटिव्ह. फिशला अजून आठवडा लागेल म्हणाले. केमो लगेच सुरू करा म्हणून काका मागे लागलेत. थांबणं धोक्याचं आहे का?

स्लाइडवाला

मीनलताई, आत्ता तो दोन्हीपैकी काहीच नाही. फिश येईपर्यंत चौकट रिकामी आहे असं समजा. केआय-६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या फेऱ्यात आहेत त्याचा अंदाज. ५५ म्हणजे वेग जास्त आहे, पण त्यातून कारण कळत नाही.

थांबायचं का, हे ऑन्कोलॉजिस्टनीच सांगायचं. एवढं मात्र विचारा: फिश पॉझिटिव्ह आलं तर केमोची आखणी बदलणार आहे का? बहुतेक वेळा बदलते. हर-२वरची औषधं केमोच्या बरोबरीने, शस्त्रक्रियेच्या आधीच द्यायची पद्धत आता रुळली आहे. या आठवड्यात टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), स्कॅन, केमोपोर्ट (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवतात ते) हे उरकून घेता येतं. वेळ वाया जात नाही.

शंकेखोर

लेख आवडला, पण दोन गोष्टी पटत नाहीत.

एक, वाढीचा निरोप कायनेजच पोचवतात तर सरसकट सगळी कायनेज बंद करणारं औषध का नाही? दोन, ही असली ‘लक्ष्यवेधी’ औषधं चार-सहा महिने चालतात आणि मग रोग उलटतो असंच ऐकलंय. मग एवढा गाजावाजा कशाला?

पेशीवाली

पहिल्याचं उत्तर: असं रसायन आहे. स्टॉरोस्पोरिन. जपानमध्ये १९७७ साली मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. सगळ्या कायनेजमधला एटीपी बसायचा खळगा बराच सारखा असतो, आणि हे रसायन त्यातल्या बहुतेकांत चपखल बसतं. आम्ही ते रोज वापरतो, पेशी मारायच्या असतात तेव्हा. निरोगी, रोगट, सगळ्या मरतात. औषध बनवायचं तर पाचशे खळग्यांतून नेमका एक ओळखावा लागतो. खरं काम तेच.

दुसऱ्याचं उत्तर रोग कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून आहे. पसरलेल्या रोगात औषधाला तोंड द्यायला पेशी वाट काढतात हे खरं. लॅपॅटिनिब या गोळीने हर-२चं कायनेज बंद केलं की एकेटी थंडावतं. पण एकेटीच हर-३ला दाबून ठेवत असतं. ते थंडावल्यावर हर-३ वाढतं, उरल्यासुरल्या हर-२शी जोडी करतं, आणि एक-दोन दिवसांत निरोप पुन्हा सुरू. प्लेटमध्ये हे डोळ्यांनी बघितलंय. फॉस्फेट बसलेल्या एकेटीची पट्टी पहिल्या तासांत गायब, दोन दिवसांनी परत हजर.

पण लवकरच्या टप्प्यात चित्र फार वेगळं आहे. हर-२ला चिकटणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला पसरलेल्या रोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ साली. २००५मध्ये शस्त्रक्रियेनंतर देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा रोग उलटण्याचा धोका जवळपास निम्मा झालेला दिसला. एके काळी ज्या गाठीचं नाव काढलं की डॉक्टरांचा चेहरा पडायचा, तीच आज बऱ्या होण्याच्या शक्यतेत पुष्कळ पुढे गेलीय. गाजावाजा झाला तो उगाच नाही.

औषधी_अण्णा

सांगलीकडे औषधाचं दुकान आहे. दुकानदारीच्या बाजूने लिहितो.

ट्रास्टुझुमॅब सलाइनमधून किंवा कातडीखाली इंजेक्शनने, दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर. ते प्रतिपिंड, हर-२च्या बाहेरच्या भागाला चिकटतं. लॅपॅटिनिब, नेरॅटिनिब, टुकॅटिनिब या गोळ्या, त्या पेशीच्या आत जाऊन कायनेज बंद करतात. लोकांना वाटतं गोळी म्हणजे हलकं औषध. तसं नाही. नेरॅटिनिबचे जुलाब ज्याने बघितलेत तो असं म्हणणार नाही.

किमतीबद्दल: पूर्वी ट्रास्टुझुमॅब म्हणजे शेत विकायची गोष्ट होती. २०१४च्या सुरुवातीला भारतात बायोकॉनचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) आलं, नंतर इतरही कंपन्यांची आली, आणि भाव बरेच उतरले. तरी वर्षभराचा खर्च लहान नाही. कमी काळ देऊन चालेल का हेही तपासलं गेलंय: फिनलंडमध्ये नऊ आठवडे, ब्रिटनमध्ये सहा महिने. ब्रिटनच्या अभ्यासात सहा महिने वर्षाच्या फारसे मागे पडले नाहीत. पण प्रमाण मानतात ते वर्षच. पैसे संपले म्हणून गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा, मेडिकलवाल्याला नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. गणपतीच्या दिवसांत पपनस घरोघरी येतं. लॅपॅटिनिब किंवा पाल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब चालू असेल तर ते खाऊ नका. ही औषधं यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडतात, त्यालाच पपनस आणि ग्रेपफ्रूट अडवतात. रक्तातलं औषध वाढतं. संत्रं-मोसंबीला ही अडचण नाही.

चिपळूणचा_नाना

अण्णा, पपनसाचं बरं सांगितलंत, आमच्याकडे परसात झाड आहे. आणि हळदीचं काय? व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं, हळद कर्करोगाची सगळी कायनेज बंद करते म्हणून.

पेशीवाली

काचेच्या भांड्यात करते, नाना. कुर्कुमिन भरपूर ओतलं की एकेटीपासून ईआरकेपर्यंत बरंच काही मंदावतं. पण पोटातून रक्तात ते इतकं कमी पोचतं की भांड्यातली मात्रा शरीरात गाठताच येत नाही. शिवाय ते प्रयोगांत जिथे-तिथे चिकटून खोटे निकाल देणारं म्हणून बदनाम आहे. आमटीतली हळद खुशाल घाला. मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल मात्र केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, काहींना यकृताचा त्रास झालेला आहे.

आता ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजेच टीएनबीसी.

ईआर नाही, पीआर नाही, हर-२ वाढलेलं नाही. पाश्चात्त्य देशांत स्तनकर्करोगांपैकी १० ते १५ टक्के असे असतात. भारतातल्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त आलंय. आपली लोकसंख्या तरुण आहे हे त्याचं एक कारण, सगळं नव्हे. वाढ झपाट्याने होते, रोग उलटला तर बहुतेक पहिल्या तीन वर्षांत उलटतो, पाच वर्षं पार पडली की धोका बराच उतरतो.

या गाठीत कायनेज शांत असतात का? मुळीच नाही. ईजीएफआर निम्म्याहून अधिक गाठींत वाढलेलं दिसतं. पीटेन हे फॉस्फटेज, पीआय-३-केचं काम उलटवणारं, बऱ्याच गाठींतून गायब असतं, त्यामुळे एकेटी मोकाट. विभाजनाच्या वेळची ऑरोरा, पीएलके-१ ही कायनेजही चढलेली. २०००च्या दशकात आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच वाटलं, ईजीएफआर आहे ना, मग ते अडवलं की हर-२सारखंच होईल. ईजीएफआरवरचं सेटुक्सिमॅब देऊन पाहिलं, फारसा उपयोग नाही. एकेटी अडवून पाहिलं: इपाटासर्टिबच्या लहान चाचणीने आशा दाखवली, मोठीने पाणी ओतलं. २०२४मध्ये कॅपिव्हासर्टिबचंही टीएनबीसीत तेच झालं. हेच कॅपिव्हासर्टिब हार्मोन पॉझिटिव्ह रोगात, एकेटीच्या वाटेवर बिघाड असलेल्या गाठींत, २०२३ साली मान्य झालेलं आहे!

माझं म्हणणं असं. हर-२ गाठीत एकच कायनेज सगळा कारभार चालवतं आणि बाकी पेशी त्याच्यावर विसंबलेली असते. ते काढलं की ती कोसळते. टीएनबीसीत कायनेज वाढलेली असतात ती मुख्यतः परिणाम म्हणून. मूळ बिघाड दुसरीकडे आहे: पी-५३ हे पेशीला आवर घालणारं प्रथिन साधारण ८० टक्के गाठींत बिघडलेलं, डीएनए दुरुस्ती कच्ची, गुणसूत्रांची मोडतोड. एका रुग्णाच्या गाठीत एक वाट, दुसरीच्या गाठीत दुसरी, आणि एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत दोन. सीडीके ४/६ ही कायनेज अडवणारी औषधंही (पाल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब) इथे बरेचदा लागू पडत नाहीत. ही कायनेज आरबी नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट बसवून विभाजनाचा अडसर काढतात. टीएनबीसीतल्या बऱ्याच गाठींत आरबीच हरवलेलं असतं. अडसरच नाही, मग तो काढणाऱ्याला अडवून काय मिळणार?

आणि म्हणूनच तिथे गेल्या काही वर्षांत जे खरंच उपयोगी पडलं त्यात कायनेजवरचं औषध एकही नाही. केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब, जे प्रतिकारशक्तीवर काम करतं. ब्रॅका हे डीएनए दुरुस्तीचं जनुक बिघडलेलं असेल तर ओलापॅरिब. पेशीवरच्या ट्रॉप-२ या प्रथिनाला चिकटून केमो आत नेणारं सॅसिटुझुमॅब. आणि आपलं जुनं कार्बोप्लॅटिन. टाटा मेमोरियलने सातशेहून जास्त रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निकाल डिसेंबर २०२२मध्ये सॅन अँटोनिओच्या स्तनकर्करोग परिषदेत मांडले. पन्नाशीच्या आतल्या बायकांना नेहमीच्या केमोत कार्बोप्लॅटिन घातल्याचा स्पष्ट फायदा झाला, पन्नाशीपुढे नाही. परवडणारं औषध, कुठलीही जाहिरात नाही. माझ्या मते आपल्याकडे या चाचणीची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही.

शंकेखोर

हे प्रामाणिक वाटलं. म्हणजे टीएनबीसीतलं कायनेज संशोधन बंद करायचं?

पेशीवाली

बंद नको, प्रश्न बदलायला हवा. पी-५३ नसलेली पेशी डीएनए तुटलेला असताना विभाजनात शिरू नये म्हणून ज्या कायनेजवर टेकून असते, एटीआर, चेक-१, वी-१, त्यांच्यावर चाचण्या चालू आहेत. तिथे कायनेज गाठ वाढवत नाही, तिला सांभाळून घेते. मान्यता अजून एकालाही नाही, त्यामुळे कुणी विकायला आलं तर सावध.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. माझ्या वहिनीचा रोग हर-२ पॉझिटिव्ह, मेंदूपर्यंत गेलेला. इथे टुकॅटिनिब चालू आहे, ट्रास्टुझुमॅब आणि केपसायटाबीन या केमोच्या जोडीला. २०२०पासून ते मान्य आहे. हर-२वर नेमकं बसतं आणि ईजीएफआरला फारसा हात लावत नाही, त्यामुळे अंगावर पुरळ कमी. जुलाब आहेत, पण आटोक्यात. मेंदूतल्या गाठी असलेल्यांनाही त्या चाचणीत मुद्दाम घेतलं होतं, एरवी त्यांना वगळतात. वहिनी शनिवारी मराठी शाळेत शिकवायला जाते. बाकी धागा छान चाललाय.

मीनल_जो

सगळ्यांचे खूप आभार. अजून एक विचारते. फिशच्या आधीच एको करायला सांगितलं. मावशीला हृदयाचा काहीच त्रास नाही, ती घाबरली, छातीतही निघालं का म्हणून. नक्की कशासाठी?

पेशीवाली

मीनल, मावशींना सांग, काही निघालेलं नाही, हा पाया मोजणं आहे. हृदयाच्या स्नायूपेशी स्वतःला सावरायला हर-२ वापरतात. तिथे त्याची जोडी हर-४शी लागते आणि ताण पडल्यावर त्या जोडीचा निरोप पेशीला जगवतो. ट्रास्टुझुमॅबने तो आधार थोडा काढून घेतला जातो. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध हृदयावर ताण टाकतं. दोन्ही एकदम दिलेल्या सुरुवातीच्या चाचणीत २७ टक्के रुग्णांत हृदयाच्या कामात बिघाड दिसला होता. त्यातून शहाणपण आलं. आता दोन्ही एकामागून एक देतात, किंवा डॉक्सोरुबिसिन वगळतात, आणि मध्ये मध्ये एको करून इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) बघतात. कमी झालं तर औषध थोपवतात, आणि बहुतेकींचं पुन्हा सुधारतं.

औषधी_अण्णा

आणि एकोचे सगळे रिपोर्ट एकाच फायलीत ठेवा. शक्यतो एकाच ठिकाणी करा. दोन सेंटरच्या मशीनमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि उगाच जीव टांगणीला.

स्लाइडवाला

मीनलताई, फिश निगेटिव्ह आलं तरी आयएचसीचा २+ आकडा विसरू नका. त्याला आता ‘हर-२ लो’ म्हणतात: १+, किंवा २+ पण फिश निगेटिव्ह. २०२२च्या चाचणीत अशा पसरलेल्या रोगात ट्रास्टुझुमॅब-डेरुक्स्टेकॅन (ट्रास्टुझुमॅबला केमो जोडलेलं औषध) उपयोगी दिसलं. अशा गाठीत हर-२चं कायनेज फारसं काही करत नसतं. प्रतिपिंडाला चिकटायला ते बाहेर दिसतं एवढंच पुरतं, केमो मागोमाग आत जातं. लवकरच्या टप्प्यात त्याचा आत्ता संबंध नाही, तरी कागदावर नोंद असू द्या.

मीनल_जो

काका म्हणतात टाटाला दाखवून येऊ. तिथे बाहेरचा रिपोर्ट चालतो का, की पुन्हा बायोप्सी?

स्लाइडवाला

नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि सगळ्या स्लाइड मागून घ्या. परळला त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहतात, लागलं तर ब्लॉकमधून नवे काप घेऊन आयएचसी पुन्हा करतात. एक काप तीन-चार मायक्रॉनचा, त्यामुळे बायोप्सीच्या छोट्या तुकड्यातूनही बरेच निघतात. ब्लॉकमध्ये पुरेसं असेल तर पुन्हा सुई टोचावी लागत नाही. फक्त तुमचा ब्लॉक आत्ता फिशसाठी दुसऱ्या लॅबला गेलेला असेल, तर तो परत येण्याची तारीख विचारून मगच तिकीट काढा. ब्लॉक घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा, आणि उन्हाळा आहे, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.